ऐच्छिक रकाना

फॉर्म उघडला तो हॉस्टेलच्या जिन्यात.
नेरूळला आमच्याकडे रेंज तिथेच लागते, तिसऱ्या पायरीवर.
ऑनलाइन मूल्यमापनाबद्दल आपण किती समाधानी आहात?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण.
शेजारी लाल तारा. म्हणजे सुटका नाही.

पहिल्या वर्षाची परीक्षा मी कोपरखैरण्यात दिली,
माथाड्यांच्या वसाहतीत, ओट्याला पाठ लावून,
स्टुलावर मामाचा उसना लॅपटॉप.
त्याचं व्हीचं बटण दोनदा दाबावं लागायचं;
व्हेगस, व्हॉल्व्ह, व्हेन्ट्रिकल, सगळे त्या दिवशी माझ्यावर उठले.

कॅमेऱ्याला चेहरा हवा होता, मधोमध, न हलणारा.
मी विचार करताना वर बघते, लहानपणापासूनची खोड.
वर पंखा. इशारा पहिला.
आईचा हात चौकटीत आला, दुधावर ताटली ठेवायला.
इशारा दुसरा.
तिसऱ्याला पेपर बंद होणार होता.
पप्पा दाराबाहेर उभे राहिले दीड तास,
कांदाबटाटा मार्केटची पाळी बुडवून,
गल्लीतल्या पोरांना नुसत्या बोटाने गप्प करत.
त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

प्रश्न अठरावा: ध्वनी ऐका, झडपेचा दोष ओळखा.
हेडफोनमध्ये कुणाची तरी छाती,
तिच्या मागे शेजारच्यांचा मिक्सर.
मी 'क' निवडला. बरोबर निघाला.
अजून ती झडप म्हटली की मला ओल्या खोबऱ्याचा वास येतो.

पण पाच द्यावेत असाही एक माणूस आहे.
सुहृद गांगल, माझ्या मागचा रोल नंबर, अडखळत बोलतो.
तोंडी परीक्षेत तो पॅन्क्रियाजपर्यंत पोहोचेतो
सर पुढच्या मुलाकडे वळलेले असायचे.
स्क्रीनवर घड्याळ होतंच,
पण ते सुस्कारे टाकत नव्हतं.
पन्नासात बेचाळीस पडले त्याला.
त्या रात्री त्याने मला फोन केला
आणि बराच वेळ, एकदाही न अडखळता,
काहीच बोलला नाही.

तबस्सुमला विचाराल तर ती शून्य कुठे आहे विचारेल.
कौशात लाईट गेली तेव्हा तिचं शेवटचं उत्तर
जतन होता होता गोल फिरत राहिलं.
अजून फिरतंय, म्हणते.

आज वॉर्डात, खाट अकरा. दिवाळ्याच्या हिराबाई.
पोटात दुखतं. मी विचारलं, शिकवलंय तसं,
एक ते दहामध्ये किती?
त्या माझ्या पेनाकडे बघत राहिल्या.
"आकरा काय सांगू बाय?
पाटी डोक्याव घेतली का दुकतं.
जिताडा असला का जास्त,
इकला का कमी."
केसपेपरवर जागा एका आकड्याचीच होती.
मी सहा लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, हात ठेव. ठेवला.
हाताखाली ऊब होती, घामाचा ओलावा,
आणि मी दाबायच्या आधीच
आतून दार लावून घेतल्यासारखं पोट.
हे पुस्तकात आहे, पान मला माहीत आहे,
त्यावर दोन गुणही मिळालेत मला.
तरी हात काढून घेताना
मी पहिल्यांदाच म्हटलं, सॉरी मावशी.

जिन्यातला दिवा विझला. हात हलवला की लागतो.
समाधानावर मी तीन दाबलं,
जसं सहा लिहिलं होतं.
शेवटी रिकामा चौकोन: इतर सूचना, ऐच्छिक.
तिथे टाइप केलं,
जिताडा असला का जास्त, इकला का कमी.
आपला प्रतिसाद नोंदवला आहे, म्हणाला फॉर्म.
आणखी एक द्यायचा आहे का?

खालून सुहृद जेवायला हाक मारतोय.
माझ्या नावाच्या म-वर अडकलाय.
ओ देता आली असती.
मी थांबते, पुरं होऊ दे.